खाऱ्या टाकीतल्या गोगलगायी का मरतात?

शेवाळ खाणाऱ्या समुद्री गोगलगायींबद्दल सर्वांत घातक समज म्हणजे, ‘त्या दोन-तीन महिनेच जगतात.’ एकदा हे पटले की मेलेलीच्या जागी नवी आणली जाते आणि मरणाचे कारण कुणी शोधतच नाही. खरे तर ट्रोकस कुळातले मोठे शंख समुद्रात दहा वर्षांहून अधिक जगतात. नीट सांभाळलेल्या टाकीतही ट्रोकस कित्येक वर्षे राहतो आणि काही टाक्यांमध्ये त्याची पिल्लेही वाढतात.

मग त्या मरतात कशाने? पुष्कळदा भुकेने. ‘दर चार लिटरला एक गोगलगाय’ असा हिशेब सांगितला जातो, पण तो पाण्याचा हिशेब झाला. गोगलगाय खाते काचेवरचा आणि दगडावरचा पातळ थर. जिभेसारख्या पट्टीवरच्या बारीक दातांच्या रांगांनी ती तो खरवडून काढते. २०० लिटरच्या टाकीत अशा पन्नास जणी सोडल्या, तर काच लवकरच लख्ख होते आणि मालक खूश होतो. त्यानंतर त्यांची उपासमार सुरू होते. ती इतकी सावकाश चालते की कित्येक आठवड्यांनी एकेक मरू लागते, तेव्हा दोष पाण्यावर जातो. एवढ्या टाकीत आठ-दहांनी सुरुवात करावी आणि थर पुन्हा किती लवकर जमतो, ते पाहावे. काच सतत कोरी दिसू लागली, तर बिनमिठाचा, बिनमसाल्याचा नोरी (वाळवलेले समुद्री शेवाळ) दगडाला रबरबँडने बांधून द्यावा. उरलेला तुकडा दुसऱ्या दिवशी काढून टाकावा.

‘टाकीत हिरवे दिसते आहे, म्हणजे खायला आहे’ हेही नेहमी खरे नसते. लांब केसांसारखे शेवाळ बहुतेक ट्रोकसना झेपत नाही. ते आधी हाताने उपटावे लागते. लाल, बुळबुळीत थर हा सायनोबॅक्टेरियाचा असतो आणि त्याला सहसा कुणी तोंड लावत नाही. नॅसॅरियस ही गोगलगाय तर शेवाळखाऊ नाहीच. ती वाळूत दडून बसते आणि उरलेले मांसान्न व मेलेले जीव खाते.

दुसरे मोठे कारण म्हणजे क्षारतेतला अचानक फरक. मासा आपल्या शरीरातल्या क्षारांचे प्रमाण बऱ्याच अंशी राखू शकतो, पण या गोगलगायींच्या शरीरातली क्षारता भोवतालच्या पाण्याबरोबर बदलते. काही दुकानांत माशांसाठी पाण्याची घनता (क्षारतेचे माप) १.०२० च्या आसपास ठेवतात आणि घरच्या प्रवाळ टाकीत ती १.०२५ असते. म्हणून पिशवी थोडा वेळ तरंगत ठेवून गोगलगाय थेट टाकीत सोडणे पुरेसे नाही. तसे केल्याने फक्त तापमान जुळते. हवेच्या पंपाच्या नळीला गाठ मारावी आणि तासभर तरी टाकीचे पाणी तिच्यातून गोगलगायीच्या पाण्यात थेंबथेंब पडू द्यावे. घनता रिफ्रॅक्टोमीटरने मोजावी.

पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावरचे तांब्याचे औषध माशांना वाचवते आणि गोगलगायींना मारते. ते दगडात व वाळूत मुरून राहते, त्यामुळे उपचार नेहमी वेगळ्या टाकीतच करावेत.

जात निवडतानाही चूक होते. मार्गारिटा नावाने विकली जाणारी गोगलगाय उत्तर अमेरिकेच्या थंड पॅसिफिक किनाऱ्यावरची आहे. २६ अंशांच्या टाकीत तिचे हाल होतात. कॅरिबियनमधली ॲस्ट्रिया उलटी पडली की बहुधा स्वतः सरळ होऊ शकत नाही, म्हणून रोज नजर टाकून तिला सुलटे करावे. ट्रोकसला ते स्वतःला जमते. हर्मिट खेकडे सोबत असतील, तर रिकामे शंख जास्तीचे ठेवा, नाहीतर शंख मिळवण्यासाठी ते जिवंत गोगलगायीवरही हल्ला करतात.

हालत नाही म्हणजे मेली, असेही नाही. नवी गोगलगाय दिवसभर बंद राहू शकते. पाय बाहेर लोंबत असेल, स्पर्शाला प्रतिसाद नसेल किंवा कुजका वास येत असेल, तर मात्र लगेच काढा. छोट्या टाकीत एकाच मोठ्या शंखाने अमोनिया वाढतो.

‘कोकणात खडकांवर हवे तेवढे शंख फुकट मिळतात’ म्हणून ते गोळा करणेही टाळावे. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या नेरिटा गोगलगायी टाकीबाहेर चढून वाळून मरतात. अंदमानात सापडणारा ट्रोकस निलोटिकस वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे. आणि आपल्या किनाऱ्यावर विषारी डंखाचे कोन शंखही आहेत. शंकूच्या आकाराचा, सुंदर नक्षीचा जिवंत शंख दिसला, तर त्याला हात लावू नये.