अडथळ्यांची शर्यत : पायांइतकीच मुठीची परीक्षा

दुकानाच्या गादीवर किंवा काउंटरमागे दिवसाचे दहा-बारा तास बसून काढणाऱ्या अनेक व्यापारी घरांत आता मॅरेथॉनचे पदक भिंतीवर दिसू लागले आहे. धावण्याची गोडी लागलेल्यांपैकी काही तरुण, तसेच चाळिशी ओलांडलेले काही गृहस्थही, पुढची पायरी म्हणून अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळतात. डोंगरउतारावरून किंवा चिखलातून धावायचे आणि वाटेत भिंती, दोर, लोंबते गज, काटेरी तारा, वाळूच्या पिशव्या असे अडथळे पार करायचे, असे या शर्यतीचे स्वरूप असते. पहिल्याच वेळी स्पर्धात्मक गटात नाव नोंदवणाऱ्याने तयारी कशी करावी, हा मात्र स्वतंत्र विचाराचा विषय आहे.

खेळाची पूर्वपीठिका

फ्रेंच नौदलातील अधिकारी जॉर्ज एबेर (१८७५–१९५७) यांनी धावणे, चढणे, उचलणे, फेकणे, तोल सांभाळणे अशा नैसर्गिक हालचालींवर आधारलेली व्यायामपद्धती मांडली. दुसऱ्याच्या उपयोगी पडता यावे यासाठी बलवान व्हावे, हे तिचे सूत्र होते. सैन्यातील अडथळा-मार्गांवर या विचाराचा मोठा प्रभाव पडला. १९८७ मध्ये इंग्लंडमधील वुल्व्हरहॅम्प्टनजवळ बिली विल्सन यांनी ‘टफ गाय’ ही शर्यत सुरू केली. २०१० मध्ये अमेरिकेत ‘स्पार्टन रेस’ आणि ‘टफ मडर’ सुरू झाल्या आणि हा प्रकार जगभर पसरला. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये आधुनिक पंचक्रीडेतील घोडेस्वारीची जागा अडथळ्यांची शर्यत घेणार आहे.

खुला गट आणि स्पर्धात्मक गट

खुल्या गटात एकमेकांना हात देऊन भिंत ओलांडता येते. ‘टफ मडर’चा मूळ प्रकार तर अशा परस्परसाहाय्यावरच उभा आहे. स्पर्धात्मक गटाचा नियम वेगळा असतो. तेथे प्रत्येक अडथळा स्वबळावर पार करावा लागतो आणि तो न जमल्यास दंड भरावा लागतो. कोठे जादा फेरी असते, कोठे ठरावीक संख्येच्या ‘बर्पी’. म्हणजे खाली बसून, दंड काढून, पुन्हा उठून उडी मारणे. काही शर्यतींत अडथळा हुकल्यास मनगटावरील पट्टी काढून घेतली जाते. नियम आयोजकागणिक बदलत असल्याने ते आधी वाचून ठेवणे आवश्यक असते.

‘स्पार्टन’च्या सर्वांत लहान शर्यतीत सुमारे ५ किलोमीटर अंतर आणि २० अडथळे असतात. एका हुकलेल्या अडथळ्यासाठी ३० बर्पी, हा तिचा अनेक वर्षे गाजलेला दंड. थकलेल्या माणसाची यात काही मिनिटे जातात. शिवाय खांदे आणि हात गळून गेल्याने पुढचा अडथळाही हुकण्याची शक्यता वाढते. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर हे चक्रवाढ व्याज आहे. म्हणूनच नवख्या स्पर्धकाने प्रत्येक किलोमीटरमागे काही सेकंद वाचवण्यापेक्षा दोन अडथळे कमी चुकवणे अधिक लाभाचे ठरते.

बारा आठवड्यांची आखणी

सलग ५ किलोमीटर धावू शकणाऱ्या व्यक्तीस साधारण बारा आठवडे पुरतात. चाळिशीनंतर, किंवा मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांची पार्श्वभूमी असल्यास, आरंभीच वैद्यकीय तपासणी करून घ्यावी.

आठवड्यातून तीन दिवस धावणे असावे आणि त्यांपैकी एक दिवस चढावर. पुणेकरांना पर्वतीच्या पायऱ्या आणि सिंहगडाची वाट आहे; इतरत्र गावाजवळची टेकडी किंवा इमारतीचा जिना चालतो. दोन दिवस मुठीसाठी ठेवावेत. आडव्या गजाला नुसते लोंबकळणे हा आरंभ. पहिल्या आठवड्यात १५-२० सेकंद टिकाव लागला तरी खंत नको. दर आठवड्याला थोडी भर घालीत एक मिनिटापर्यंत पोहोचावे. त्यानंतर एका गजावरून दुसऱ्या गजावर जाणे शिकावे. वजन वाहण्यासाठी १० किलोच्या तांदळाच्या पिशवीने सुरुवात करून पाठ सरळ ठेवीत २० किलोपर्यंत जावे.

सहावा दिवस सर्वांत मोलाचा. ताज्या दमाने गजाला लटकणे आणि छाती भात्यासारखी चालत असताना लटकणे यांत मोठा फरक आहे. चारशे मीटर धावणे, लगेच लोंबकळणे, मग वजन घेऊन चालणे, पुन्हा धावणे, अशा चार-पाच फेऱ्या कराव्यात. सातवा दिवस पूर्ण विश्रांतीचा.

दोरावर चढताना केवळ हातांवर भार टाकणारे लवकर थकतात. दोर एका पायाच्या बाहेरून तळव्याखाली घेऊन दुसऱ्या पायाने दाबला की शरीराचा भार पाय पेलतात. महाराष्ट्रात या कौशल्याचे जुने विद्यापीठ म्हणजे मल्लखांब. बाळंभटदादा देवधर यांनी पुनरुज्जीवित केलेली ही विद्या दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरासारख्या संस्थांनी जपली. तेथील प्रशिक्षक उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री लाभली. जवळपास मल्लखांबाचा वर्ग असेल, तर दोराची भीती घालवण्यास त्याहून उत्तम जागा नाही.

आहार आणि वेळ

चौविहार पाळणाऱ्यांनी कठोर सराव सूर्यास्ताच्या तोंडाशी ठेवू नये. घामावाटे गेलेले पाणी रात्रभर भरून निघत नाही. सकाळी दुकान उघडण्यापूर्वीची वेळ योग्य. नवकारशी करणाऱ्यांनी हलका व्यायाम आधी आणि दमवणारा भाग पाणी घेतल्यानंतर करावा. उपवास किंवा आयंबिलच्या दिवशी सरावास विश्रांती द्यावी. पर्युषणाचा काळ आखणीत आधीच धरला, तर व्रत आणि सराव यांची ओढाताण होत नाही.

धावपटूंना नेहमी सुचवले जाणारे बटाटा-रताळे वर्ज्य असले तरी काही अडत नाही. भात, पोहे, केळी, खजूर यांतून ऊर्जा मिळते. मूग, मटकी, हरभरा, शेंगदाणे, दूध, पनीर यांतून प्रथिने. बाजारातील ऊर्जा-जेल, वड्या आणि कॅप्सूल घेताना मात्र वेष्टण नीट वाचावे. त्यांत मध किंवा प्राणिजन्य जिलेटिन असू शकते. शर्यतीच्या दिवशी नवा पदार्थ आणि नवे बूट दोन्ही टाळावेत.

शर्यतीच्या दिवशी

शेवटच्या आठवड्यात सराव निम्म्यावर आणावा. सुती कपडे पाणी धरून जड होतात, म्हणून लवकर वाळणारे कपडे घालावेत. दोर किंवा गज धरण्यापूर्वी दोन श्वास थांबून तळवे कोरडे करावेत. ही काही क्षणांची थांबण पुष्कळदा पूर्ण दंड वाचवते. उंचावरून उडी टाकण्याऐवजी हातांना लटकून अलगद उतरावे. मुरगळलेल्या घोट्याने शर्यत पूर्ण करण्याचा हट्ट नसावा.

बर्पी मोजायला प्रत्येक ठिकाणी पंच उभा असेलच असे नाही. तीसपैकी पंचवीस काढून पुढे जाणाऱ्याला कदाचित कोणी हटकणारही नाही. पण खोट्या जमाखर्चावर दाखवलेला नफा जसा पेढीच्या मालकाला फसवत नाही, तसा असा क्रमांकही मिळवणाऱ्याला समाधान देत नाही. पहिल्या शर्यतीत पाच अडथळे हुकले आणि पाचही दंड पूर्ण भरले, तर पुढच्या बारा आठवड्यांत नेमके कशावर काम करायचे याची खरी नोंद स्पर्धकाच्या हाती राहते.