भुसा डब्यात, फुप्फुसे वाऱ्यावर

थंडी पडली की हवेचा निर्देशांक पहिल्या पानावर येतो आणि होळीपर्यंत तिथेच मुक्काम ठोकतो. मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामांसाठी काढलेली नियमावली, ते ३५ फुटी पत्रे, पाण्याचे फवारे, ट्रकवरची ताडपत्री, हे सगळे वाचकांना एव्हाना पाठ झाले असेल. त्यावर चर्चा चालू आहे, चालू दे. पण राहत्या इमारतीतल्या चौथ्या मजल्यावर दार लोटून प्लाय कापला जातो, एमडीएफवर राउटर फिरतो, भिंतीची पुट्टी घासली जाते, ओट्याच्या ग्रॅनाइटला सिंकसाठी भोक पाडले जाते, तिथल्या हवेचा निर्देशांक कुठल्याच अ‍ॅपवर दिसत नाही. आणि तिथे दिवसभर राबणाऱ्या माणसाच्या तोंडावर फार तर रुमाल असतो.

या घरातल्या धुळीवरचा एक उपाय हौशी सुतारकाम करणाऱ्यांत आणि काही इंटिरियर कंत्राटदारांत सध्या लोकप्रिय होतो आहे. हातभर उंचीचा प्लास्टिकचा उलटा शंकू. तो झाकणबंद बादलीवर बसवायचा, एक नळी करवतीला किंवा सँडरला जोडायची, दुसरी वर्कशॉपच्या व्हॅक्यूम क्लीनरला. यालाच सायक्लोन म्हणतात. विकणारे सांगतात की ९९ टक्के धूळ बादलीत पडते, व्हॅक्यूमपर्यंत पोचतच नाही. लाकडाच्या भुश्यापुरता हा आकडा खोटा म्हणता येणार नाही. माझी तक्रार आहे ती उरलेल्या एका टक्क्याबद्दल.

आधी शंकूचे काम कसे चालते ते पाहू, कारण ते खरोखरच देखणे आहे. धूळभरली हवा शंकूत बाजूने, भिंतीला चाटून शिरते आणि गोल फिरू लागते. घाटातल्या वळणावर एसटी वळली की आपण खिडकीकडे रेटले जातो, तसे जड कण भिंतीकडे रेटले जातात. भिंतीशी घासून त्यांचा वेग मरतो आणि ते गोल गोल घरंगळत बादलीत पडतात. हवा मात्र शंकूच्या टोकाशी उलटी फिरते आणि मधल्या नळीतून वर निघून व्हॅक्यूमकडे जाते. आत ना पंखा, ना जाळी, ना बदलावा लागणारा एखादा भाग. हवेचा वेग सेकंदाला २० मीटर आणि फिरण्याची त्रिज्या ५ सेंटीमीटर धरली, तर कणावरचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या ८०० पट भरतो. त्रिज्या कमी केली की हा जोर आणखी वाढतो. म्हणून आधुनिक घरगुती व्हॅक्यूममध्ये एका मोठ्या शंकूऐवजी लहान शंकूंचा घोळका दिसतो.

याचे श्रेय लोक सर्रास घरगुती व्हॅक्यूम क्लीनर बनवणाऱ्या जेम्स डायसन यांना देतात. त्यांनी ५,१२७ नमुने बनवून पाहिल्याची कथा व्यवस्थापनाच्या प्रत्येक व्याख्यानात येते आणि ती ऐकून मला आता कंटाळा आला आहे. डायसन यांनी सायक्लोन दिवाणखान्यात आणला, हे खरे. पण त्यांना तो सुचला लाकूड कापायच्या गिरणीवरचा अजस्र शंकू पाहून, आणि अमेरिकेत जॉन फिंच यांच्या नावावर त्याचे पेटंट १८८५ सालचे आहे. तेव्हाची गरजही भयंकर होती. २ मे १८७८ रोजी मिनियापोलिसमधली वॉशबर्न ‘ए’ ही पिठाची अवाढव्य गिरणी हवेत तरंगणाऱ्या पिठाचा भडका उडून उद्ध्वस्त झाली, १८ माणसे गेली. आपल्याकडे हा शंकू पाहायला परदेशी जायला नको. गोंदिया-भंडाऱ्याकडच्या भातगिरण्यांत आणि डाळ मिलमध्ये कोंडा-टरफले हवेपासून वेगळी करणारे पत्र्याचे उलटे शंकू हेच काम करतात.

मग हौशी माणसाला तो का हवा? व्हॅक्यूमचा फिल्टर तुंबतो म्हणून. एमडीएफचे पीठ फिल्टरवर असे काही लिंपले जाते की बघता बघता खेच निम्म्यावर येते. खेच गेली की यंत्रापाशी उडणारी धूळ नळीत शिरण्याऐवजी खोलीत पसरते. मध्ये सायक्लोन असला की फिल्टर कितीतरी जास्त काळ स्वच्छ राहतो आणि खेच टिकते. शंकू स्वतःही थोडी खेच खातो, पण तो तोटा परवडतो. एवढ्यापुरते हे उपकरण पैसे वसूल करते, यात मला शंका नाही.

बादलीचे मात्र जपून. आपल्याकडे डिस्टेंपरची २० लिटरची रिकामी बादली कुठेही मिळते, म्हणून सगळे तीच वापरतात. वर्कशॉपचा व्हॅक्यूम २० किलोपास्कलच्या आसपास निर्वात दाब देऊ शकतो. नळीच्या तोंडाशी प्लायचा तुकडा अडकला की हा सगळा दाब बादलीवर येतो. ३० सेंटीमीटर व्यासाच्या झाकणावर तो सुमारे १४० किलो वजनाइतका भरतो. पातळ बादली फाटकन आत दबते, झाकण सटकते. जाड भिंतीचा पिंप घ्यावा, किंवा बादलीत दुसरी बादली बसवावी. झाकणाच्या कडेला रबरी पट्टी किंवा सिलिकॉन हवेच, कारण बादलीत बारीकशा फटीतून हवा शिरली तरी ती खाली पडलेला भुसा उचलून थेट व्हॅक्यूमकडे नेते. बादली गळ्यापर्यंत भरू दिली तरी हेच होते. पारदर्शक पिंप असेल तर भुसा कुठवर आला ते दिसते.

प्लास्टिकच्या नळीतून कोरडा भुसा धावला की स्थिर वीज साठते आणि हाताला चटका बसतो. नळीतून तांब्याची तार नेऊन अर्थिंग केले की तो थांबतो. खरी आग लागते ती वेगळ्याच कारणाने. त्याच नळीने ग्राइंडरच्या ठिणग्या ओढल्या तर त्या जाऊन भुश्यात पडतात आणि तो आत धुमसत राहतो. लोखंड कापायचे त्या दिवशी भुश्याची बादली जोडायची नाही, एवढे पथ्य कारागिराला सांगून ठेवावे.

आता तो एक टक्का. ९९ हा आकडा वजनाचा असतो. १०० मायक्रॉनच्या एका कणाचे वजन एक मायक्रॉनच्या दहा लाख कणांइतके. करवतीचा जाडा भुसा बादलीत पडला की वजनाचा हिशेब जवळपास पूर्ण होतो, विक्रेता खूश, गिऱ्हाईक खूश. दहा किलो धुळीतले जे १०० ग्रॅम पुढे जातात त्यांत असते मुख्यतः तेच बारीक पीठ, जे शंकूच्या जोराला दाद देत नाही. आणि फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचते तेही तेच. दहा मायक्रॉनच्या कणाला नाकाच्या उंचीवरून जमिनीवर यायला शांत हवेत आठ-दहा मिनिटे लागतात. एक मायक्रॉनच्या कणाला अर्धा दिवस. कारागीर सामान आवरून घरी जातो तेव्हा ही धूळ खोलीतच तरंगत असते, आणि संध्याकाळी मुलांना घेऊन काम बघायला आलेले मालक ती श्वासात घेतात.

व्हॅक्यूमला साधा फोमचा किंवा कापडी फिल्टर असेल तर परिणाम आणखी विचित्र होतो. जाड धूळ बादलीत छान साठते, जमीन लख्ख दिसते आणि बारीक पीठ मागच्या झरोक्यातून जोरात खोलीत फेकले जाते. ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणारा हेपा फिल्टर लागतो तो इथे. सायक्लोन हेपाला वाचवतो आणि हेपा माणसाला वाचवतो. पहिला घेऊन दुसऱ्याकडे काणाडोळा करणारे बरेच आहेत, कारण पहिल्याचे काम डोळ्यांना दिसते.

लाकडाची धूळ म्हणजे नैसर्गिक वस्तू, तिने काय होणार, असे म्हणणाऱ्यांनी एस्मे हॅडफिल्ड यांचे काम समजून घ्यावे. लंडनजवळचे हाय विकम हे खुर्च्यांचे गाव, तिथे पिढ्यान्‌पिढ्या बीच लाकडाच्या खुर्च्या होत. हॅडफिल्ड तिथल्या रुग्णालयात कान-नाक-घशाच्या शल्यचिकित्सक होत्या. नाकाच्या पोकळीतला एक अतिशय दुर्मीळ कर्करोग आपल्याकडे फार वारंवार येतो आहे आणि येणारे बहुतेक खुर्ची-कारखान्यातले आहेत, हे १९६० च्या दशकात त्यांच्या लक्षात आले. कुठलीही महागडी प्रयोगशाळा हाताशी नव्हती. रुग्णाला ‘काम काय करता?’ हे विचारणे आणि उत्तर लिहून ठेवणे, एवढ्यावर शोध लागला. पुढे डोनाल्ड अ‍ॅचिसन यांच्यासारख्या साथरोगतज्ज्ञांबरोबर त्यांनी तो आकड्यांनी पक्का केला, तेव्हा या कारागिरांतले प्रमाण सर्वसाधारण लोकांच्या शेकडो पट निघाले. धूळ खाल्ल्यापासून रोग दिसेपर्यंत अनेकदा चार दशके जात. विशीत रंधा हाती घेतलेला माणूस साठीत डॉक्टरकडे येई, तोवर मूळ कारण विसरलेले. १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला माणसात निश्चित कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. आपल्याकडे किती डॉक्टर केसपेपरवर रुग्णाचा धंदा लिहितात?

दगडाची धूळ तर याहून वाईट. ग्रॅनाइट, क्वार्ट्‌झ, टाइल, काँक्रीट, सगळ्यांत सिलिका, आणि तिच्यातून सिलिकोसिस. बरा न होणारा आजार आहे हा. किचनच्या ओट्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम दगडावर ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून बंदीच घातली. दगड कोरडा कापूच नये, पाणी सोडून कापावा. सायक्लोन लावला म्हणून कोरडे कापायला हरकत नाही, असे कोणी सांगितले तर त्याच्याकडून काम करून घेऊ नका.

कारखानदारांना हे सगळे ठाऊक आहे. उद्योगात सायक्लोनकडे पहिली चाळणी म्हणूनच पाहतात, बारीक धुळीसाठी त्याच्या मागे बॅग फिल्टर किंवा तत्सम यंत्रणा बसते. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्याचे कलम १४ कामगाराच्या नाकाशी धूळ साचू देऊ नका असे सांगत होते, आणि सिलिकोसिस त्या कायद्याच्या अधिसूचित रोगांच्या यादीत होता. पण चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट कारखाना नव्हे आणि तिथला मिस्त्री कोणाच्या हजेरीपटावर नसतो. म्हणून त्याची जबाबदारी काम देणाऱ्यावर येते, असे माझे स्पष्ट मत आहे.

वर्षातून दोनदा कपाट करणाऱ्या हौशी माणसाने सायक्लोनच्या नादी लागू नये. व्हॅक्यूममध्ये बसणारी चांगली फ्लीसची पिशवी आणि हेपा फिल्टर त्याला पुरतात. शिवाय पिशवी बांधून फेकता येते, बादली उपडी करताना मात्र पुन्हा ढग उठतो. रोज कापाकापी असेल तर शंकू जरूर घ्यावा. मागे हेपा हवाच, नळी यंत्राच्या थेट तोंडाशी हवी, आणि तोंडावर नीट बसणारा एन-९५ मास्क काम संपल्यावरही काही वेळ ठेवावा. घरात फर्निचरचे काम काढणाऱ्यांना एक विनंती आहे. सनमायका, बिजागऱ्या, हँडल यांचा हिशेब तुम्ही बारकाईने करता. त्याच कागदावर हेपा व्हॅक्यूमचे भाडे आणि मिस्त्रीच्या मास्कचे पैसे तुमच्या हाताने लिहा, कारण कंत्राटदार ते आपणहून लिहिणार नाही.