स्पीकरमधला भुंगा

गाणं थांबलंय, तरी स्पीकरमधून 'घूंऽऽ' असा आवाज येतोय. हा भुंगा शिरला कुठून?

आपल्या घरातली 230 व्होल्टची वीज सेकंदाला 50 वेळा मागेपुढे हेलकावते. अँप्लिफायरला मात्र एकाच दिशेने वाहणारी, संथ वीज लागते. म्हणून त्याच्या पोटात डायोड तिला एका दिशेला वळवतात. तरीही सेकंदाला 100 लाटा उरतातच! त्या कपॅसिटर सपाट करतो, गच्चीवरची टाकी नळाला सारखं पाणी पुरवते ना, अगदी तसं. कपॅसिटर थकला, की भुंगा गुणगुणू लागतो.

कधी दोष जोडणीत असतो. अँप्लिफायर आणि प्लेअर वेगवेगळ्या बोर्डांवर लावले, तर अर्थिंगच्या तारा आणि दोघांमधली केबल मिळून एक वेटोळं तयार होतं. त्यात नको तो प्रवाह फिरतो. मोठ्यांना सांगून दोन्ही एकाच बोर्डावर लावून पाहा.

काहीजण मात्र प्लगची जाड, लांब अर्थिंगची पिनच काढून टाकतात. भुंगा गप्प होतोही! पण उद्या आतली तार सुटून पत्र्याच्या पेटीला लागली, तर? पिन असती, तर वीज तिच्यावाटे गेली असती, फ्यूज उडाला असता. आता ती पेटीला हात लावणाऱ्याच्या अंगातून जाईल.

भुंगा परवडला, पण पिन काढायची नाही! काय, पटलं ना?