फवारणी संपली, पंपाचं काय?

वर्धा नदीकाठच्या कौंडण्यपूरकडे कापसाची वेचणी सुरू झाली की पाठीवरचा पेट्रोलचा फवारणी पंप कोपऱ्यात जातो, बहुधा टाकीतल्या पेट्रोलसकट. बिघाडाची सुरुवात तिथेच. आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. शिळ्या पेट्रोलचा चिकटा कार्बोरेटरच्या जेटमध्ये बसतो.

टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. थंड झाल्यावर प्लग काढून टू-स्ट्रोक ऑइलचे चार थेंब आत सोडा, दोरी हळूच ओढा, प्लग बसवा. फिल्टरचा फोम साबणाने धुऊन नीट वाळवा. औषधाची टाकी वर्धेच्या पात्रात विसळणं अक्षम्यच. आणि पंप युरियाच्या पोत्यांशेजारी नको. तिथे धातू लवकर गंजतो.