१२० फिल्मचा कॅमेरा (भाग ७) : जुनी टेलिफोटो लेन्स घेताना

सहा बाय सहाच्या चौकोनी फिल्मसाठी ८० मिलिमीटरची लेन्स नॉर्मल का मानतात, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. त्यानंतर बहुतेकांना दुसरी लेन्स हवीशी वाटते, आणि ती लांबचं जवळ आणणारी हवी असते. ती जुनीच मिळणार. हॅसलब्लाडची ५०० मालिका, मामियाचा आरबी६७, ब्रोनिका, यांच्या लेन्स आता कुणी नव्याने बनवत नाही.

पैसे काढण्याआधी कागदावर एक हिशेब करा. वराळ्याहून इंद्रायणीपल्याड भंडारा डोंगराकडे पाहा आणि हवाई अंतर पाच किलोमीटर धरा. फिल्मवरची चौकट ५६ मिलिमीटरची. ८० च्या लेन्समधून डोंगरापाशी साडेतीन किलोमीटर रुंदीचा पट्टा चौकटीत मावतो, १५० मधून सुमारे १,८७०  मीटर आणि २५० मधून ११२० मीटर. आता तोच हिशेब उलटा करू. माथ्यावर वीस मीटर उंचीची इमारत असेल, तर २५० ची लेन्स लावूनही ती फिल्मवर एक मिलिमीटरच उतरते. तुकोबांच्या मंदिराचा फोटो हवा असेल तर डोंगर चढायलाच हवा. लांब लेन्स घ्यायची ती डोंगररांगेतला नेमका तुकडा उचलण्यासाठी, आणि माणसांच्या चेहऱ्यांसाठी.

शिवाय मधली हवा असतेच. मे महिन्यात मावळातले डोंगर धुरकट निळे दिसतात, आणि लेन्स जितकी लांब तितका तो धुरकटपणा चौकटीत जास्त भरतो. कृष्णधवल फिल्मवर नारिंगी किंवा लाल फिल्टरने थोडं निभावतं, रंगीत फिल्मवर तेवढंही नाही. पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात हवा धुऊन निघते, तेव्हा २५० चं चीज होतं. म्हणून माझं मत असं की पहिली टेलिफोटो १५० चीच घ्यावी. ३५ मिलिमीटर कॅमेऱ्यावरच्या ८५ च्या लेन्ससारखा तिचा नजारा असतो. हॅसलब्लाडची झाइस सोनार १५० एफ/४ ही १.४ मीटरपर्यंत जवळ फोकस होते, तर २५० एफ/५.६ ला अडीच मीटर मागे सरावं लागतं. देहूत पालखीच्या गर्दीत एखाद्या वारकऱ्याचा चेहरा टिपायचा असेल तर एवढी मोकळी जागा मिळत नाही. एफ/५.६ च्या लेन्सने फोकसिंग स्क्रीनही अंधारते, आणि स्प्लिट प्रिझमचा अर्धा भाग काळा पडतो.

आता खरी गोम. यांतल्या बहुतेक कॅमेऱ्यांमध्ये शटर लेन्समध्येच बसवलेलं असतं. तुम्ही काचेबरोबर एक जुनं यांत्रिक घड्याळही विकत घेत असता. लोक मात्र काचच न्याहाळत बसतात. मी म्हणेन, आधी शटर, मग काच.

मुंबईत फोर्टच्या बोरा बाजार परिसरात घ्या, पुण्याच्या जुन्या बाजारात घ्या नाहीतर कुणाच्या बंद पडलेल्या स्टुडिओतून उचला, पद्धत एकच. एक सेकंदावर लावून शटर मारा आणि कान द्या. आतल्या चाकांची घरघर एकसारखी, न अडखळता संपली पाहिजे. मग अर्धा, पाव, एक अष्टमांश. बरीच वर्षं पडून राहिलेल्या लेन्सचं वंगण घट्ट होतं आणि ते आधी इथेच कळतं. पहिल्यांदा अडकली आणि चार वेळा मारल्यावर सुटली, तर बरी झाली असं समजू नका. साफसफाईचा खर्च किमतीतून वजा करायला सांगा. मोबाइलवर २४० फ्रेमचा स्लो-मोशन व्हिडिओ घेतला तर १/१५ ला शटर साधारण सोळा फ्रेम उघडं दिसायला हवं. १/५०० तपासायला मात्र हा उपाय कुचकामी आहे. वेग थोडा मंद असला तरी दर वेळी सारखाच असेल तर चालवून घेता येतं. निगेटिव्ह फिल्म जास्तीचा प्रकाश सोसते, स्लाइड सोसत नाही. दर वेळी वेगळा निघत असेल तर लेन्स सोडून द्या. पात्यांवर तेलाची चकाकी दिसली तरीही.

हॅसलब्लाडमध्ये एक खबरदारी घ्यावी लागते. लेन्स काढताना आणि बसवताना लेन्स आणि बॉडी दोन्ही कॉक केलेल्या असाव्या लागतात, नाहीतर अडकतात. जुन्या सी लेन्समध्ये कॉम्पर शटर असतं, १९८२ पासूनच्या सीएफमध्ये प्रॉन्टर. जमत असेल तर सीएफच घ्या, कारण कॉम्परचे सुटे भाग मिळणं अवघड झालं आहे. पेंटॅक्स ६७ चं शटर बॉडीत असतं, त्यामुळे त्याच्या लेन्सच्या तपासणीत ही सगळी कटकट नाही. पण त्याच्या आरशाचा धक्का जबरदस्त असतो. १९७६ नंतरची, आरसा आधी वर उचलून ठेवता येणारी बॉडी असेल तरच लांब लेन्सचा विचार करा.

मामिया सी३३० वाल्यांसाठी एक फायद्याची गोष्ट. तिथे लेन्स जोडीने येतात : वरची पाहायला, खालची फोटो घ्यायला. १८० मिलिमीटरच्या जोडीत वरच्या काचेत थोडी बुरशी असली तरी फिल्मवर तिचा काही परिणाम होत नाही, आणि विकणारा मात्र त्यापायी भाव उतरवतो. खालची स्वच्छ असेल आणि शटर नीट चालत असेल तर डोळे मिटून घ्या.

काच पाहायची ती मोबाइलच्या टॉर्चने, मागच्या बाजूने तिरका प्रकाश टाकून. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी. लोणावळ्यापासून तळेगावपर्यंत पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या चामडी पेटीत ती हमखास धरते. कडेला चिमूटभर असेल तर साफ होते, पण मध्यापर्यंत पोचली असेल तर लेप खाल्लेला असतो आणि साफ केल्यावरही डाग राहतो. धूळ, बाहेरच्या काचेवरचा एखादा ओरखडा, बॅरलवरचा उडालेला रंग यांनी चित्र बिघडत नाही. त्यांच्या नावाखाली घासाघीस मात्र जरूर करा.

शेवटी आठ दिवसांची परत करण्याची मुदत मागून घ्या आणि त्या मुदतीतच एक रोल काढून, धुऊनही घ्या. सहा बाय सहाच्या बारा फ्रेम मिळतात. चार फ्रेम ट्रायपॉडवरून लांबच्या डोंगराच्या, लेन्स पूर्ण उघडी ठेवून आणि एफ/८ वर. चार फ्रेम दीड-दोन मीटरवर बसलेल्या घरच्या माणसाच्या, डोळ्यावर फोकस करून. चार फ्रेम एकाच भिंतीच्या, वेग आणि अ‍ॅपर्चर जोडीने बदलत. या शेवटच्या चार निगेटिव्ह शेजारी शेजारी ठेवल्यावर एकसारख्या गडद दिसल्या नाहीत, तर लेन्स मुदतीच्या आत परत करा.