नारळाचं झाड आणि माळवदाचं घर

रेखाकला परीक्षेत स्मरणचित्राला 'आमचे गाव' किंवा तसलंच काही आलं की वर्गात सगळ्यांनाच हायसं वाटायचं. चित्र पाठ होतं. दोन त्रिकोणी डोंगर, मधून अर्धा सूर्य, डोंगरातून निघून थेट आपल्याकडे येणारी नदी, काठावर लाल कौलांचं उतरत्या छपराचं घर आणि घराला टेकून एक नारळ. एलिमेंटरीला बसलेल्या आम्हा पोरांपैकी बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नव्हता. नारळ आमच्या घरी यायचा तो तुळजापूरला फोडायला. तरी प्रत्येकाच्या कागदावर कोकण उगवलं होतं.

सरावाच्या वेळी मी एकदा आजीचं घर काढलं होतं. सपाट माथ्याचं, जाड भिंतींचं, एका बाजूला जनावरांचा गोठा. चित्रकलेच्या सरांनी पेन्सिलीचं टोक छपरावर ठेवलं आणि म्हणाले, "ह्याला उतार दे. अर्धवट बांधल्यासारखं दिसतंय." मी उतार दिला. परीक्षेत चांगली श्रेणीही मिळाली. घर मात्र आजीचं राहिलं नाही.

आज त्या सरांना दोष देण्यात अर्थ नाही. सपाट छपराच्या घराचं चांगलं चित्र त्यांनी तरी कुठे पाहिलं होतं? पुस्तकात कोकणातलं घर, कॅलेंडरवर हिमालय, फोटो स्टुडिओच्या पडद्यावर कारंजं आणि संगमरवरी जिना. धाराशिव जिल्ह्यातल्या माणसाला आपलं घर सोडून सगळ्या जगाची घरं चित्रात दिसत होती.

ज्यांनी माळवद पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. हे घर मोजायचं ते खणांत. चार खांबांमधली जागा म्हणजे खण. "त्यांचं पाच खणाचं घर" म्हटलं की ऐकणाऱ्याला ऐपत कळायची. खांबांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडं, त्यावर किलचन, म्हणजे फळ्या-काटक्यांचा थर. त्यावर कडुनिंबाचा पाला, मग चिखल आणि सर्वांत वर चोपून बसवलेली पांढरी माती. ही माती गावाच्या जुन्या पांढरीतून, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेतून आणायची. पाणी तिच्यावरून वाहून जातं, आत झिरपत नाही. पाऊस जेमतेम आणि ऊन रणरणतं, अशा मुलखाला हे छप्पर अगदी मानवणारं होतं. वैशाखातल्या दुपारी आजीच्या मधल्या खणात गोधडी लागायची, असं सांगितलं तर आज कुणाला खरं वाटणार नाही.

खिडक्या जवळजवळ नाहीतच. उजेड यायचा तो सवण्यातून, माळवदाला ठेवलेल्या वीतभर भोकातून. सकाळी त्याचा कवडसा बळदाच्या, म्हणजे धान्याच्या कोठाराच्या, तोंडाशी असायचा, मग सरकत सरकत जात्यापाशी यायचा, आणि तो देवळीच्या खाली पोहोचला की आजी चुलीकडे वळायची. घरात घड्याळ होतं, पण ते आजोबांचं. पाऊस आला की कुणीतरी शिडीवरून धावत वर जायचं आणि सवण्यावर फुटकी घागर पालथी घालायचं. घराची पाठ म्हणजे गावाचा दुसरा रस्ताच. कुरडया, सांडगे, तुरीची डाळ सगळं वर वाळायचं. बायका एका माळवदावरून दुसऱ्यावर जायच्या, खालून वेस ओलांडायला नको म्हणून. उन्हाळ्यात अख्खं गाव वरच झोपायचं.

एवढं सगळं चित्रात काढण्याजोगं होतं. मग कुणी काढलं का नाही?

काढणारे आले होते, पण त्यांना दुसरंच काही हवं होतं. फिलिप मेडोज टेलर हा निजामाच्या चाकरीतला इंग्रज अधिकारी. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्गचा मुलूख इंग्रजांकडे आला, तेव्हा नळदुर्गचा कारभार त्याच्याकडे आला आणि १८५७ पर्यंत राहिला. 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' लिहिणारा तो हाच. त्याचा हात चित्रकलेतही चांगला चालायचा. दख्खनच्या रेखाचित्रांचं त्याचं पुस्तक १८३७ सालीच लंडनमध्ये निघालं होतं. नळदुर्गच्या किल्ल्याचं आणि बोरी नदीवरच्या बंधाऱ्याचं वर्णन त्याने आत्मचरित्रात मन लावून केलं आहे. पुढे १८७५-७६च्या हंगामात जेम्स बर्जेसच्या पुरातत्त्व पथकाने धाराशिवची लेणी मोजली, नकाशे काढले, १८७८ साली अहवाल छापला. हेन्री कझिन्सने १९०२-०३च्या सरकारी अहवालात आपल्याच जिल्ह्यातल्या तेर गावावर लिहिलं. किल्ला, लेणी, देऊळ असा या मंडळींचा रस्ता ठरलेला. तो गावातल्या माळवदांच्या मधूनच जात होता, पण माळवद काही 'पुरातन' नव्हतं. त्यात माणसं राहत होती.

गंमत म्हणजे तेरचं त्रिविक्रम मंदिर, ज्यासाठी अभ्यासक एवढ्या लांब आले, ते स्वतःच एका घराचं चित्र आहे असं मला वाटतं. विटांची ती गोलाकार पाठीची, कमानी छपराची वास्तू मुळात चैत्यगृह. लाकूड वाकवून त्यावर गवत शाकारलेल्या छपराची ती विटांत उतरवलेली नक्कल. तो लाकडी-गवती मांडव कधीच कुजून गेला, नक्कल तेवढी उभी आहे. तेरच्या लामतुरे संग्रहालयात पाण्यावर तरंगणारी वीट दाखवतात, ती बघायला गर्दी असते. देवळाच्या छपराकडे मान वर करून बघणारे कमी.

इथे जरा अमेरिकेचं सांगायला हवं, कारण बदलता मुलूख चित्रात टिपण्याचं काम तिथे फार नेमाने झालं. जॉर्ज इनेस नावाच्या चित्रकाराला १८५०च्या दशकात एका रेल्वे कंपनीने काम दिलं: आमची नवी लाइन रंगव. त्याने 'लॅकावाना व्हॅली' हे चित्र केलं. लांबवर डोंगर, मध्ये धूर सोडत येणारं इंजिन आणि गोल इंजिनशेड, अलीकडे झाडाखाली निवांत पहुडलेला एक मुलगा. इथवर कंपनीला हवं तसंच. पण मुलाच्या पुढ्यात, सगळ्या उतारावर, इनेसने तोडलेल्या झाडांचे बुंधे काढून ठेवले. रेल्वे आली हे कंपनीने सांगितलं, कशाच्या बदल्यात आली हे चित्रकाराने. पुढे हे चित्र कुठल्या कुठे गेलं, आणि म्हातारपणी इनेसलाच ते मेक्सिको सिटीतल्या जुन्या वस्तूंच्या एका दुकानात सापडलं. आज ते वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. पुढे एडवर्ड हॉपर या चित्रकाराने १९२५ साली रूळाकाठचं एकटं जुनं घर रंगवलं. रूळ चित्राच्या तळाशी असे आडवे आहेत की घराचा पायाच दिसत नाही.

मला मात्र या दोघांहून तिसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, आणि तिच्यात थोर चित्रकार कुणीच नाही. १९३३ साली महामंदीत अमेरिकेतले हजारो वास्तुरचनाकार घरी बसले होते. तिथल्या राष्ट्रीय उद्यान खात्यातल्या चार्ल्स पीटरसनने सुचवलं, यांना पगार द्या आणि देशभरातल्या जुन्या इमारती मोजून काढायला लावा. नुसते राजवाडे नव्हेत, तर शेतकऱ्यांची घरं, गिरण्या, पूल आणि कोठारंही. त्या कागदांवर रंग नाही, भावना नाही. भिंत किती इंच, तुळई कुठे टेकली, छप्पर कसं बसलं, एवढंच. ते काम अजून चालू आहे आणि ती रेखाटनं तिथल्या काँग्रेस ग्रंथालयात कुणालाही पाहता येतात.

आपल्याकडे असा कागद नव्हता. त्याची किंमत किती, ते ३० सप्टेंबर १९९३ला कळलं.

आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. विसर्जन आटोपून लोक उशिरा झोपलेले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. शेजारच्या लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीचं नाव जगभर झालं, पण आपल्या जिल्ह्यातली सास्तूर, राजेगाव, होळी, पेठसांगवी ही गावंही त्याच पहाटे मोडली. दोन जिल्ह्यांत मिळून ५२ गावं पार झोपली, सरकारी हिशेबाने सुमारे ८ हजार माणसं गेली.

तेव्हा पहिल्यांदा माळवदाचं चित्र निघालं, आणि ते इंजिनिअरांनी काढलं. घर उभं कापल्यासारखं दाखवणारं साधं रेखाटन, छेदचित्र म्हणतात ते. त्यात दिसलं की दगडी भिंत एक नाहीच. बाहेरचा एक थर, आतला एक थर, मध्ये चिखल आणि खडी. दोन्हींना आरपार बांधणारा लांब दगड बहुतेक ठिकाणी घातलेलाच नाही. हादरा बसला आणि थर एकमेकांपासून सुटले. आणि वर माती, दीड-दोन फूट. हिशेब करून बघा. दहा फूट बाय दहा फुटांची खोली, दीड फूट माती, म्हणजे १५० घनफूट. चोपलेली माती घनफुटाला साधारण ४५ किलो धरली तरी झोपलेल्या माणसांच्या डोक्यावर साडेसहा टनांहून जास्त.

ही माती एका दिवसात चढली नव्हती. गळती नको म्हणून दरवर्षी पावसाळ्याआधी बोटभर थर टाकायचा, ही रीत. आजोबांनी टाकला, बापाने टाकला, पोराने टाकला. जुना काढायचा कुणी? दरवर्षी बोटभर वाढलेलं डोळ्याला दिसत नाही. दिसलं असतं कागदावर. १९५० साली कुणी त्याच घराचा छेद काढून ठेवला असता आणि १९९०ला दुसरा काढून शेजारी ठेवला असता, तर शाळेतल्या पोरालाही कळलं असतं की भिंत तीच आहे आणि ओझं दुप्पट झालंय. चित्राने भूकंप थांबत नाही, हे मान्य. पण सावकाश होणारा बदल पकडायला चित्राएवढं स्वस्त साधन मला तरी दुसरं माहीत नाही.

त्याच रेखाटनांनी आणखी एक गोष्ट दाखवली, जी गावातल्या सुतारांना आधीच माहीत होती. जिथे लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा दणकट होता, तिथे भिंती कोसळूनही खण उभा राहिला आणि आतली माणसं वाचली. पण त्या पहाटेनंतर दगड म्हटलं की लोकांच्या पोटात गोळा यायचा. चांगलं घर असलेले लोकही वर्षानुवर्षं पत्र्याच्या शेडमध्ये झोपले. उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली दुपारी बसून बघा, म्हणजे भीती किती मोठी होती ते कळेल.

मग नवी गावं आली, तीही आधी कागदावर. सरळ रस्ते, काटकोनात चौक, एकसारखी घरं. जमीन नाही किंवा १ हेक्टरपर्यंत आहे त्याला २५० चौरस फूट, ७ हेक्टरपर्यंत ४००, त्याहून जास्त असेल त्याला ७५०. माणसं सुरक्षित झाली, यात वाद नाही. पण त्या नकाशात गोठा नव्हता, बळद नव्हतं आणि भावकी शेजारी शेजारी राहते हे कागदाला माहीत नव्हतं. आज या गावांतून चक्कर मारली तर मूळ चौकोन शोधावा लागतो. पुढे पत्र्याची पडवी, बाजूला जनावरांचं छप्पर, वर जिना, गच्चीवर निळी टाकी, कमानीला गुलाबी आणि पोपटी रंग. घराने आपला नकाशा पुन्हा स्वतः काढला आहे. हेही कुणी काढून ठेवत नाही.

आपल्याकडे असं काढणारे नाहीतच असं नाही. चित्रकार सुधीर पटवर्धन ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ होते. दिवसा हाडांचे फोटो वाचायचे आणि उरल्या वेळात शहराची हाडं रंगवायचे. गिरणगाव मोडून तिथे दुसरंच शहर उगवत असताना त्यांनी 'लोअर परळ' केलं. पण अशी नजर मुंबई-ठाण्याच्या वाट्याला आली. आमच्याकडे ब्रश धरणारा म्हणजे पेंटर. दुकानाची पाटी, टेम्पोच्या मागे वाघ आणि जिल्हा परिषदेच्या शाळेवर बोलक्या भिंती. आख्खी शाळा रेल्वेच्या डब्यासारखी रंगवतात, खिडक्यांतून पोरं डोकावतात. छान दिसते. त्याच पेंटरला त्याच भिंतीवर गावातलं एक माळवद, मापांसकट, काढायला सांगितलं तर रंग तेवढाच लागेल.

आणि आता घाई आहे. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव लोहमार्गाचं काम चालू आहे. बालाघाटच्या माथ्यावर पवनचक्क्या फिरू लागल्यात. इनेसचे बुंधे आपल्याकडेही कुठेतरी पडले असणार. उरलेली माळवदं गळायला लागली की लोक ती पाडतात आणि स्लॅब टाकतात. बरोबरच करतात, मीही आजीच्या घराचं तेच केलं. पाडण्याआधी त्याचं चित्र काढलं नाही, एवढीच माझी चूक.

म्हणून एक विनंती. दिवाळीच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा पोरांच्या दप्तरात एक चित्रकलेची वही आणि सोबत एक मोजपट्टी टाका. एखादं माळवद उभं असेल तर मालकाला विचारून खण मोजा. भिंतीची जाडी दारात कळते. मातीचा थर सवण्यातून काठी घालून कळतो. घर समोरून काढा आणि एकदा मधोमध कापल्यासारखं काढा. बळद कुठे, जातं कुठे, हे घरातल्या म्हातारीला विचारून लिहा. रेघ वाकडी आली तरी चालेल, उतार मात्र देऊ नका. कोपऱ्यात गावाचं नाव, तालुका आणि तारीख घाला. तारीख विसरू नका.