कुळापेक्षा कसोटी मोठी : बटाट्याच्या नव्या वाणाची जन्मकथा

आमच्या वसतिगृहाच्या भोजनगृहात बटाटा शिजला नाही असा आठवडा क्वचितच जातो. तो आपल्या ताटात इतका रुळला आहे की तो मूळचा परका आहे, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात, टिटिकाका सरोवराच्या परिसरात, तेथील आदिवासी शेतकऱ्यांनी काही हजार वर्षांपूर्वी रानटी कंदापासून तो घडविला. तेथून तो युरोपात गेला आणि पोर्तुगिजांच्या गलबतांतून आपल्या किनाऱ्यावर उतरला. येताना आपले नावही घेऊन आला. ज्यांनी पिढ्यानपिढ्या उत्तम कंद निवडून जपले, त्यांची नावे मात्र इतिहासाने नोंदविली नाहीत.

इतिहासाच्या वर्गात आम्ही आयर्लंडचा दुष्काळ शिकवितो तेव्हा बटाट्याचा दुसरा चेहरा समोर येतो. तेथील गरीब कुळे जमीनदाराचा खंड भागवून उरलेल्या तुकड्यावर मुख्यतः 'लंपर' नावाचा एकच वाण लावीत. १८४५ मध्ये करपा आला आणि शेतेच्या शेते काळी पडली. पुढील काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने व रोगराईने मेली आणि त्याहून अधिक देशोधडीला लागली. अन्यायी जमीनव्यवस्था व राज्यकर्त्यांची बेपर्वाई हे त्यामागचे मोठे कारण होतेच. पण सारी भिस्त एका वाणावर ठेवण्याचा धोकाही त्यातून जगाला कळला.

एकच वाण इतका सारखा का असतो? आपण बटाटा बियांपासून लावीत नाही, कंदापासून लावतो. डोळे असलेला कंद हेच बेणे. त्यातून उगवलेले रोप मूळ झाडाची हुबेहूब प्रत असते. एकाला जो रोग मारतो, तो सर्वांना मारतो. नवा वाण हवा असेल तर फुलाकडेच वळावे लागते.

भारतात हे काम प्रामुख्याने केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने केले. ही संस्था १९४९ मध्ये पाटण्यात स्थापन झाली आणि १९५६ मध्ये सिमल्यास हलली. या स्थलांतरामागे शास्त्रीय कारण होते. मैदानी भागात बटाटा हिवाळ्यात होतो. तेव्हा दिवस लहान असल्याने त्याला फुले-फळे नीट येत नाहीत. सिमल्याजवळच्या कुफरी येथे, सुमारे २,५०० मीटर उंचीवर, उन्हाळ्याच्या लांब दिवसांत तो फुलतो. म्हणूनच या संस्थेच्या वाणांच्या नावाआधी 'कुफरी' हा शब्द लागतो.

संकराची रीत अशी. एका झाडाच्या उमलू पाहणाऱ्या कळीतील पुंकेसर चिमट्याने काढून टाकतात आणि दुसऱ्या निवडक झाडाचे पराग तिच्या स्त्रीकेसराग्रावर लावतात. पुढे लहान हिरव्या टोमॅटोसारखे फळ धरते. ते विषारी असते. पण त्यात शंभर-दोनशे बारीक बिया असतात. येथेच निसर्ग एक मोठा धडा देतो. आईबाप एक, फळही एक, तरी त्यातील प्रत्येक बी वेगळे निघते. एकाचे कंद मोठे, दुसऱ्याचे भेगाळलेले. एक करप्याला तोंड देते, दुसरे चार दिवसांत माना टाकते. नामवंत कुळ गुणांची हमी देत नाही. हजारो रोपे वाढवून, वर्षामागून वर्षे नापास करीत, दहा-बारा वर्षांनी एखादा वाण हाती लागतो.

नापास कोणी व कसे करावे? एका शेतात नदीकाठची माती, दुसऱ्यात मुरूम. अशा दोन शेतांतील वाणांची तुलना हा न्याय नव्हे. म्हणून एकाच शेताचे सारखे वाफे पाडतात, कोणता वाण कोणत्या वाफ्यात हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरवितात, प्रत्येक वाण अनेक वाफ्यांत लावतात आणि शेजारी प्रचलित वाण तुलनेसाठी ठेवतात. या पद्धतीचा पाया इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकात घातला. १९२३ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा एक आरंभीचा अभ्यास बटाट्याच्या बारा वाणांवरच होता. हेच फिशर माणसांच्या बाबतीत मात्र वंशसुधारणेच्या विचाराचे पुरस्कर्ते होते. वाफ्यांना समान संधी देणाऱ्याला माणसांना ती द्यावीशी वाटू नये, ही विसंगती आम्ही विद्यार्थ्यांपासून लपवीत नाही.

कुफरीत जन्मलेला वाण कुफरीतच पास होऊन भागत नाही. त्याची परीक्षा वेगवेगळ्या प्रदेशांत घ्यावी लागते. पुणे जिल्ह्यातील खेड-आंबेगावकडे, सातगाव पठारावर, बटाटा खरिपात पावसाच्या भरवशावर होतो. रात्र पुरेशी थंड नसेल तर पाला माजतो, कंद मात्र पोसत नाही. ढगाळ ओल्या हवेत करपा वाढतो. अशा ठिकाणी पंजाबच्या कोरड्या हिवाळ्यातील यश कामाचे नाही. १९६८ चा 'कुफरी ज्योती' डोंगर, मैदान व पठार तिन्हीकडे चालला, म्हणून तो घरोघर पोहोचला. १९७२ च्या 'कुफरी लवकर' या वाणाच्या नावात तर आपला मराठी शब्दच आहे. तो पठारी प्रदेशासाठी होता आणि लवकर तयार होई. १९९८ मधील 'कुफरी चिपसोना' वेफर्ससाठी निघाला, कारण त्यात साखर कमी असल्याने तळताना काप काळे पडत नाहीत. पण एकदा पास झालेला वाण कायमचा पास नसतो. करप्याची बुरशी बदलत राहते. ज्योतीची प्रतिकारशक्तीही कालांतराने कमी पडली. म्हणून कसोटीही थांबवता येत नाही.

उत्तम वाण लहान शेतकऱ्याला परवडतो का, हा प्रश्न उरतोच. हेक्टरी पंचवीस-तीस क्विंटल बेणे लागते आणि लागवडीच्या खर्चाचा फार मोठा वाटा त्यातच जातो. आपल्याकडचे बरेचसे बेणे पंजाबातून येते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ मध्ये भारतातील लहान शेतजमिनींवर लिहिलेल्या निबंधात दाखवून दिले की, शेत लहान की मोठे हे केवळ क्षेत्रावरून ठरत नाही. त्यावर लावलेले भांडवल व श्रम यांच्याशी त्याचे प्रमाण पाहावे लागते. वाणाचेही तसेच आहे. भरपूर खत, पाणी व औषध दिल्यावर पहिला येणारा वाण एकरभर कोरडवाहू तुकड्यावरही पहिला येईल, असे नाही. म्हणून चाचणीचे काही वाफे अशा शेतकऱ्याच्या रानात, त्याच्याच साधनांनी लावले जावेत आणि निकाल देताना त्यालाही विचारले जावे. काढणीला जाणाऱ्या आयाबायांनाही विचारावे. कोणता कंद मातीतून धड निघतो आणि कोणता फुटतो, हे त्यांच्याइतके कोण जाणते?

केवळ परंपरा आहे किंवा सांगणारा थोर आहे म्हणून काही स्वीकारू नका, स्वतः पारखून घ्या, असे भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले. चाचणीचा वाफा हे त्याच शिकवणुकीचे मातीतले रूप आहे. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कुणी उद्या कृषिशास्त्रज्ञ होईल, कुणी घरची शेती पाहील. दोघांनीही दुकानदाराच्या शब्दावर न जाता नव्या बेण्याच्या दोन सऱ्या जुन्या बेण्याच्या शेजारी लावाव्यात, दोन्हींचे वजन करावे आणि वहीत लिहून ठेवावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.